चक्की घरात परत आली

ग्राइंडरवालं कॉफी मशीन घ्यायचंय? मग आधी थोडं मागे जाऊ.

1840 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोने, हो, त्याच गाडीवाल्या, कॉफीची हातचक्की काढली. तेव्हा बिया घरीच दळायचे. पुढे तयार पावडरीचे डबे आले. 1972 चं अमेरिकन 'मिस्टर कॉफी' पावडरीवरच चालायचं. सोय झाली, पण दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो. मग 1985 मध्ये इटलीच्या साएकोने 'सुपरऑटोमॅटिका'त चक्की मशीनच्या पोटातच बसवली.

माझ्यातल्या इंजिनिअरला इथे धोका दिसतो: चक्की बिघडली की अख्खं मशीन दुरुस्तीला. म्हणून पंपाचा बार किती हे मी नंतर विचारतो. आधी बघतो, चक्की पात्याची की दातेरी, आणि उघडून साफ करता येते का?