काम कुणाचं, नाव कुणाचं? जामखेड आणि लेखकत्वाचे नियम

वैद्यकीय नियतकालिकातल्या निबंधावर लेखक म्हणून कुणाचं नाव यावं, हा आजचा प्रश्न. ऐकायला कोरडा वाटतो, पण आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडहून त्याच्याकडे पाहिलं की तो टोचायला लागतो.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. भाग दुष्काळी. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या बऱ्याच जणी दलित समाजातल्या, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. कुठल्या घरी बाळंतपण झालं, कोणतं मूल वाळतंय, लस कुणाची राहिली, हे त्या ध्यानात ठेवायच्या आणि जामखेडच्या बैठकीत सांगायच्या. शास्त्र ज्याला माहिती-संकलन म्हणतं, ते हेच की!

आता १९७८ हे साल बघा. सप्टेंबरात अल्मा-आता इथल्या परिषदेने लोकसहभागातून प्राथमिक आरोग्यसेवा हा विचार जगापुढे मांडला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडात व्हँकूव्हरला जमले होते. त्यांचा विषय साधा होता : हस्तलिखितं एकसारखी कशी यावीत. पुढे १९८५ मध्ये याच मंडळाने लेखकत्वाचे निकष दिले. काम न करता विभागप्रमुखाचं नाव निबंधावर चढायचं. त्या चालीला आळा हवा होता. आज निकष चार आहेत : संशोधनात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा चिकित्सकपणे तपासणं, अंतिम मंजुरी, आणि २०१३ पासून जबाबदारी. चारही हवेत.

नियम रास्तच आहे. पण फुकट्या साहेबाला अडवायला लावलेलं दार राबणाऱ्या बाईच्याही तोंडावर बंद होतं. ती पहिल्या निकषात बसली तरी दुसऱ्यावर अडते, कारण मसुदा इंग्रजीत असतो.

२०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात जामखेड परिसरातल्या बालमृत्यूंवर निबंध आला. प्रकल्पाच्या गावांत एक महिना ते पाच वर्षं या वयात मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. लेखक पाच. त्यांनी नियम मोडला असं मी म्हणत नाही; पाहणी आणि विश्लेषण हे वेगळंच काम आहे. पण जे मोजलं गेलं, ते घडवलं कुणी?

काही जण म्हणतील, जिला आकडेमोड कळत नाही तिने जबाबदारी कशी घ्यावी? आक्षेप खरा आहे. पण तो मोठ्या निबंधांतल्या अनेक पदवीधर लेखकांनाही लागू पडतो. प्रत्येकाला सगळं कुठे कळतं? शिवाय त्याच नियमावलीत म्हटलंय की निकष कुणाला वगळायला वापरू नयेत. पहिला निकष पुरा करणाऱ्याला मसुदा तपासायची संधी द्यावी. मग मसुदा मराठीत वाचून दाखवायला काय हरकत आहे? ‘आमच्या गावात असं नाही झालं’ हे सांगणं म्हणजे चिकित्साच. तेवढंही जमत नसेल तर ऋणनिर्देशात ‘स्थानिक कार्यकर्त्या’ न लिहिता, संमती घेऊन, नावं तरी लिहावीत.

१९८८ मध्ये जामखेडच्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. महागडं झुंबर आणि एका दिव्याने दुसरा लावता येणारी पणती, असा दाखला त्यांनी दिला. हे त्यांच्या नावानिशी आठवतं, कारण कुणीतरी ते नाव लिहून ठेवलं. बाकीच्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील?