दिसणार नाही असं कुंपण

इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांच्या बागा म्हटल्या की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. लांबवर पसरलेली हिरवळ, मधूनच एखादं भलंमोठं ओकचं झाड, वळणं घेत जाणारं तळं, पलीकडे चरणाऱ्या मेंढ्या आणि टेकाडावर खांबांची एखादी पांढरी इमारत. हे चित्र आपण सिनेमात पाहिलेलं असतं, कॅलेंडरवर पाहिलेलं असतं. पाहताना वाटतं, निसर्गानंच हे असं घडवलं आणि माणसानं फक्त शेजारी घर बांधलं. आज मला सांगायचंय ते एवढंच, की हे सगळं माणसाच्या हातचं आहे. ते घडवायला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि घडवताना त्या चित्रातून काही माणसं पुसून टाकावी लागली.

बी.ए.ला आम्हाला ऑलिव्हर गोल्डस्मिथची ‘द डेझर्टेड व्हिलेज’ ही कविता होती. १७७० साली ती प्रसिद्ध झाली. एक हसतंखेळतं गाव श्रीमंताच्या हौसेपायी ओस पडतं, अशी तिची गोष्ट. पुढे वाचनात आलं, की कवीसमोर ऑक्सफर्डजवळचं न्यूनम कोर्टनी हे गाव असावं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. लॉर्ड हारकोर्ट यांनी १७६० च्या दशकात आपल्या बागेसाठी ते गाव जुन्या जागेवरून उठवलं होतं. डॉर्सेट परगण्यात तर लॉर्ड मिल्टन यांनी मिल्टन ॲबस हे बाजारपेठेचं अख्खं गाव हटवलं आणि दूर, हवेलीतून दिसणार नाही अशा दरीत, एकसारखी घरं बांधून लोकांना तिथं नेलं. कवितेतल्या गोष्टीला जमिनीवरचे पत्ते होते तर! तेव्हापासून या बागांबद्दल मिळेल ते वाचत आलो. कवी माणसाला दुसऱ्याच्या कवितेमागची जमीन पाहण्याची खोड असतेच.

ही सगळी गोष्ट एकाच जागी पाहायची तर बकिंगहॅमशर परगण्यातलं स्टो पाहावं. बकिंगहॅम या छोट्या शहरापासून चारेक किलोमीटरवर ही इस्टेट आहे. मालक घराण्याचं आडनाव टेंपल. म्हणजे देऊळ. घराण्याचं लॅटिन ब्रीदवाक्यही या आडनावावरच्या श्लेषाचं. आपली देवळं किती मनोहर, अशा अर्थाचं. आणि या लोकांनी खरोखरच बागेत देवळं बांधण्याचा सपाटा लावला. देवळं, कमानी, स्तंभ, पूल असं सगळं मिळून चाळीसच्या आसपास बांधकामं तिथं आहेत.

सुरुवात मात्र मेंढ्यांपासून झाली. टेंपल मंडळी मेंढपाळीवर श्रीमंत झालेली. १५७१ साली पीटर टेंपल यांनी स्टोची जमीन भाडेपट्ट्यानं घेतली आणि १५८९ मध्ये त्यांच्या मुलानं ती विकतच घेतली. तेव्हा स्टो हे एक साधं खेडं होतं. चर्च, चर्चभोवती घरं, शेतं, गायरान आणि गावातून जाणारा रस्ता. शेतीपेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत पैसा जास्त, आणि मेंढ्या राखायला माणसं कमी लागतात. तेव्हा शेतांना कुंपणं पडायची, गायरानं खासगी व्हायची आणि कुळं निघून जायची. त्या काळात इंग्लंडभर हे चाललं होतं. स्टोही त्याला अपवाद नव्हतं.

१६९७ साली इस्टेट सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे आली. हेच पुढचे लॉर्ड कोबम. मार्लबरोच्या हाताखाली लढलेला हा सेनानी. १७१५ मध्ये त्यांनी ॲन हॅल्सी हिच्याशी लग्न केलं. ती लंडनमधल्या एका बड्या बिअर कारखानदाराची मुलगी. लोकरीच्या पैशाला बिअरचा पैसा मिळाला आणि बागेचं काम जोरात सुरू झालं. इमारतींसाठी जॉन व्हॅनब्रा आणि नंतर जेम्स गिब्ज, तर जमिनीच्या आखणीसाठी चार्ल्स ब्रिजमन. त्या काळातली नावाजलेली माणसं कोबमनी एकामागून एक आणली.

त्याआधी युरोपातल्या बागांचा आदर्श म्हणजे फ्रान्समधलं व्हर्साय. सरळ रेषेतले रस्ते, कात्रीनं कापलेली झुडपं, भूमितीच्या वहीसारखे वाफे. बघणाऱ्याला लगेच कळावं, की इथं राजाची हुकूमत चालते. ब्रिजमननं हे सगळं एकदम मोडलं नाही, पण एक युक्ती अशी केली की पुढचं सगळं त्यातून आलं. त्यानं बागेची भिंत जमिनीत गाडली.

युक्ती साधी आहे. बागेच्या कडेनं खोल चर खणायचा. चराची बागेकडची बाजू उभी आणि दगडी भिंतीनं बांधलेली, तर बाहेरची बाजू उतरती, गवताची. कुरणातून आलेली मेंढी उतारावरून चरात उतरते, पण भिंत चढून बागेत येऊ शकत नाही. आणि हवेलीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला चर दिसतच नाही. त्याला वाटतं, आपली हिरवळ अशीच सलग क्षितिजापर्यंत गेली आहे. या चराचं नाव ‘हा-हा’. चालता चालता माणूस अचानक त्याच्या काठाशी येतो आणि आश्चर्यानं तोंडातून जो उद्गार निघतो त्यावरून हे नाव पडलं, असं होरेस वॉलपोल या तेव्हाच्या लेखकानं नोंदवलंय. कल्पना मूळची फ्रान्समधली, पण इंग्लंडमध्ये इतक्या मोठ्या प्रमाणावर ती पहिल्यांदा वापरली गेली ती स्टोमध्ये.

यातली गंमत लक्षात घ्या. कुंपण काढून टाकलेलं नव्हतं. ते दिसेनासं केलेलं होतं.

१७३३ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या अबकारी कराच्या विधेयकाला कोबमनी विरोध केला आणि त्यापायी त्यांची लष्करी पलटण गेली. मग या माणसानं राजकारण बागेत आणलं. विल्यम केंट हा चित्रकार-वास्तुकार हाताशी होता. हवेलीच्या पूर्वेला एक घळ होती, तिथं केंटनं ‘इलिझियन फील्ड्स’ उभं केलं. ग्रीक पुराणात पुण्यवंत मेल्यानंतर जिथं जातात ते हे ठिकाण. एका बाजूला ‘प्राचीन सद्गुणांचं मंदिर’. त्यात होमर, सॉक्रेटिस, लायकर्गस आणि एपामिनोंडस यांचे पूर्णाकृती पुतळे. जवळच मुद्दाम पडकं बांधलेलं ‘आधुनिक सद्गुणांचं मंदिर’, त्यात एक बिनडोक्याचा पुतळा. हा टोमणा पंतप्रधानांना, हे पाहुण्यांना सांगावं लागत नसे.

पाण्यापलीकडे ‘ब्रिटिश थोर पुरुषांचं मंदिर’. त्यात सोळा अर्धपुतळे. शेक्सपिअर आहे, मिल्टन आहे, न्यूटन आहे, लॉक आहे. राजा आल्फ्रेड आहे आणि राजाच्या मनमानी कराला विरोध करणारा हॅम्पडनही आहे. सोळांत बाई एकच, राणी एलिझाबेथ. शिवाय १७४० च्या दशकात गिब्जनं टेकडीवर तांबूस दगडाचं गॉथिक मंदिर बांधलं. ते अर्पण केलं होतं ‘पूर्वजांच्या स्वातंत्र्याला’. म्हणजे ही बाग नुसती फिरायची जागा नव्हती. स्वातंत्र्य म्हणजे काय आणि ते कुणी राखलं, यावरचं ते दगडामातीतलं भाषण होतं.

आता ज्या घळीत हा स्वर्ग उभा राहिला, त्या घळीकडे जरा वळू या. स्टो गावाकडे जाणारा जुना रस्ता तिथूनच जात होता. तो दुसरीकडे वळवला गेला. गावातली घरं हळूहळू उठली आणि लोक शेजारच्या डॅडफर्ड वस्तीवर गेले. राहिलं फक्त चर्च. मध्ययुगातलं सेंट मेरीचं दगडी चर्च पाडणं सोपं नव्हतं; देवाचं घर, आणि भोवती गावच्या मेलेल्या माणसांच्या कबरी. मग त्याच्याभोवती दाट झाडी लावली. आजही इलिझियन फील्ड्सच्या अगदी कडेला ते झाडांत लपलेलं आहे.

त्या थोर पुरुषांच्या मंदिराच्या मागच्या बाजूला एक मृत्युलेख कोरलेला आहे. सिन्योर फिडो नावाच्या कुण्या इटालियन सद्गृहस्थाच्या गुणांचं वर्णन वाचत आपण शेवटाला येतो, तेव्हा कळतं की हा फिडो म्हणजे एक कुत्रा. विनोद झकास आहे, मीही हसलो. पण मग वाटलं, या घळीत कुत्र्याच्या नावाचा दगड आहे आणि पूर्वजांच्या स्वातंत्र्याचं देऊळ आहे. ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी मात्र मालकांनी ओळभर जागाही काढली नाही.

१७४१ साली पंचविशीतला एक माळी स्टोमध्ये नोकरीला लागला. लान्सलॉट ब्राउन. उत्तरेकडच्या नॉर्थंबरलंडमधलं एक खेडं हे त्याचं गाव. तो लवकरच मुख्य माळी झाला. १७४४ मध्ये त्याचं लग्न झालं, तेही त्याच झाडीत दडलेल्या चर्चमध्ये. १७४० च्या दशकाच्या अखेरीस स्टोमध्ये ‘ग्रीशियन व्हॅली’ घडली. तिथं दरी नव्हती, ती खणून काढली. हजारो घनयार्ड माती मजुरांनी फावड्यांनी उपसली आणि एकचाकी हातगाड्यांनी वाहून नेली. वर गवत उगवलं आणि ती दरी जणू सृष्टीच्या आरंभापासून तिथंच आहे असं दिसू लागलं. गवत कापायचं यंत्र १८३० साली आलं. तोपर्यंत हिरवळ राखली ती विळेवाल्यांनी, मेंढ्यांनी आणि वाकून तण काढणाऱ्या बायकांनी. पाहुण्यांना त्यातलं काही कळू नये, हाच तर या कलेचा कस होता.

कोबम १७४९ मध्ये वारले आणि १७५१ मध्ये ब्राउन स्वतःच्या धंद्याला लागला. प्रत्येक जमीनदाराला तो सांगे, तुमच्या जागेत मोठी ‘केपेबिलिटी’ आहे. तेच त्याचं टोपणनाव पडलं. १७८३ मध्ये तो वारला, तोवर दीडशेहून अधिक बागांना त्याचा हात लागला होता. सुरुवातीला आपण जे कॅलेंडरवरचं चित्र पाहिलं, ते बरंचसं या माणसाचं. इकडे स्टोची कीर्ती युरोपभर गेली. १७४४ मध्ये बकिंगहॅमच्या बेंटन सीली यांनी बागेची मार्गदर्शिका छापली. इंग्लंडमधल्या बागेवरची अशा प्रकारची ती पहिलीच मानली जाते. रशियाच्या कॅथरीन राणीनं वेजवुडकडून जेवणाची भांडी करवून घेतली, त्यांवर स्टोची चित्रं होती. १७८६ मध्ये अमेरिकेचे जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन ही बाग पाहायला आले.

घराणं वाढत वाढत १८२२ मध्ये ड्यूक पदापर्यंत पोचलं. लग्नसंबंधातून जमैकातला होप नावाचा उसाचा मळाही त्यांच्याकडे आला होता. तिथं गुलाम राबत. पण खर्च उत्पन्नाच्या पुढे पळत होता. दुसऱ्या ड्यूकवर दहा लाख पौंडांहून अधिक कर्ज झालं आणि १८४८ मध्ये हवेलीतल्या वस्तूंचा लिलाव तब्बल चाळीस दिवस चालला.

तिसऱ्या ड्यूकनी काटकसरीनं घर सावरलं, आणि इथं ही गोष्ट आपल्या देशात येते. १८७५ ते १८८० या काळात हेच ड्यूक ऑफ बकिंगहॅम मद्रासचे गव्हर्नर होते. म्हणजे १८७६–७८ चा भीषण दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीतला. त्याच दुष्काळानं आपलं सोलापूर, नगरही पोळून काढलं होतं. दुष्काळी कामावर आलेल्या माणसांकडून मद्रासकडचे कालव्याचे तुकडे खणून जोडले गेले आणि त्या जलमार्गाला नाव मिळालं बकिंगहॅम कालवा. आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यानं तो आजही आहे. नाव गव्हर्नरांचं राहिलं. खणणारे उपाशी हात स्टोच्या मजुरांसारखेच निनावी राहिले.

१८८९ मध्ये हे ड्यूक वारले, त्यांना मुलगा नव्हता. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्टेट विकली गेली, पुतळे पांगले आणि १९२३ मध्ये हवेलीत शाळा सुरू झाली. १९८९ मध्ये बाग नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. ट्रस्टनं देवळं दुरुस्त केली, झाडं पुन्हा लावली, गेलेल्या पुतळ्यांच्या प्रतिकृती बसवल्या. सुमारे अडीचशे एकरांची ही बाग आता तिकीट काढून कुणालाही पाहता येते. एका उमरावाची खासगी हौस सगळ्यांची झाली, हे चांगलंच झालं. मला या बागेचा राग नाही. केंट आणि ब्राउन यांनी जमिनीवर जे लिहिलं, ते थोर आहेच.

पण वाचताना पुसलेली ओळही वाचावी. बागेच्या पश्चिमेकडच्या प्रवेशापाशी गिब्जनं बांधलेली दोन छोटी मंडपगृहं आहेत, त्यांना ‘बॉयकॉट पॅव्हिलियन्स’ म्हणतात. आपण बहिष्काराला बॉयकॉट म्हणतो, तो शब्द १८८० मध्ये आयर्लंडमधल्या कॅप्टन बॉयकॉटवरून आला. त्याचा इथं संबंध नाही. हे बॉयकॉट म्हणजे तिथली एक जुनी वाडी. वाडी गेली आणि तिचं नाव शोभेच्या इमारतीला चिकटून राहिलं. कुठलीही सुंदर मोकळी जागा पाहिली, की तिथल्या जुन्या रस्त्यांची आणि वाड्यांची नावं विचारावीत. माणसं हलवता येतात, रस्ते वळवता येतात, कुंपण जमिनीत गाडता येतं. नावं मात्र कुठेतरी शिल्लक राहतात.