आधारपटलाच्या अलीकडे

ज्या रोगाने अद्याप वेदना दिलेली नाही, गाठ दाखविलेली नाही की रक्तस्रावाची सूचनाही केलेली नाही, त्याचा माग काढावा कसा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकापुढे क्वचितच उभा राही. रोगी फिर्याद घेऊन आल्यावाचून निदानाचे दप्तर उघडावयाचे नाही, अशीच रीत होती.

ही रीत बदलणाऱ्यांत, ग्रीसमधील किमी गावी १८८३ साली जन्मलेले आणि १९१३ मध्ये पत्नी आन्द्रोमाखी यांच्यासह न्यूयॉर्कला आलेले जॉर्ज पापानिकोलाऊ अग्रगण्य होत. गिनीपिगच्या ऋतुचक्राच्या अभ्यासार्थ योनिस्रावातील पेशी न्याहाळण्याची जी पद्धत त्यांनी बसविली, तीच पुढे स्त्रियांच्या परीक्षेस लावली. या कामी आन्द्रोमाखींनी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. सुट्या पेशींतही गर्भाशयमुखाचा कर्करोग ओळखता येतो, हे पापानिकोलाऊंनी १९२८ मध्ये मांडले, आणि त्याच सुमारास बुखारेस्टमध्ये आउरेल बाबेश स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत पोहोचले. परंतु ऊतीचा छेद घेता येत असता विखुरलेल्या पेशींवर भिस्त कशाला, या शंकेमुळे वैद्यकाने त्याची पुरती दखल घेतली ती हर्बर्ट ट्राउट यांच्यासह पापानिकोलाऊंनी लिहिलेला १९४१ चा निबंध आणि १९४३ चा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावरच.

दरम्यान १९३२ मध्ये अमेरिकेतील ब्रॉडर्स यांनी, ज्या पेशींची चर्या सर्वस्वी कर्करोगाची, पण ज्यांनी आवरणऊतीखालचे आधारपटल ओलांडलेले नाही, अशा अवस्थेला ‘स्वस्थानी कर्करोग’ या अर्थाचे नाव दिले. पापानिकोलाऊंच्या पद्धतीत काचपट्टीवर पसरलेला पेशींचा लेप वाळण्यापूर्वीच मद्यार्क व ईथर यांच्या मिश्रणात बुडवून रंगविला, की निळसर केंद्रके उठून दिसतात. त्यांतले एखादे फुगलेले, गडद आणि वेड्यावाकड्या कडांचे असले, तर संशय बळावतो. परंतु पेशींनी सीमा ओलांडली की नाही, याचा निवाडा सुटी पेशी देऊ शकत नाही. त्यासाठी ऊतीचा पातळ छेद घेऊन ते पटल अखंड आहे की नाही, हे पाहावेच लागते. म्हणूनच या दोन परीक्षा परस्परांच्या प्रतिस्पर्धी नसून एकीने संशय घ्यावा आणि दुसरीने निर्णय द्यावा, अशीच ही तजवीज आहे.

सीमेअलीकडचा रोग समूळ काढता येतो, हेच या साऱ्या परिश्रमाचे सार्थक. आणि निरोगी वाटणाऱ्या स्त्रीपर्यंत ही लेपाची परीक्षा जेथे अजून पोहोचलेली नाही, तेथे पापानिकोलाऊंचे कार्य अपुरेच राहिले आहे, असे म्हटले पाहिजे.