ताकाची गाडगी

दूध विकणं म्हणजे पाप, असं माझी आजी मानायची. दूध विकलं की म्हैस आटते, ही तिची पक्की समजूत. तूप मात्र विकलेलं चालायचं. लहानपणी हा हिशेब मला कळला नाही. दूध बाजाराच्या गावापर्यंत उन्हातनं नेईस्तोवर नासतं, तूप टिकतं. त्या पापामागं एवढंच असावं, असं आता वाटतं.

आई रात्री दुधाला विरजण लावायची आणि पहाटे रवी घेऊन बसायची. लोण्याचे गोळे साठले की तूप कढवायचं. तळाची बेरी गूळ घालून आम्हा पोरांची. तूप आठवड्याच्या बाजाराला जायचं आणि त्याचे पैसे आईच्या कनवटीला. मीठमिरची, बांगड्या, आमच्या पाट्या-पेन्सिली त्यातनंच. ताक कुणी विकत नसे. ज्यांच्या दावणीला जनावर नाही अशा चार-पाच बाया सकाळी गाडगी घेऊन दारात यायच्या. त्यांच्या भाकरीला तेच कोरड्यास.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ १९६३ साली निघाला. त्याच साली आणंदचे त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन आणि मुंबईच्या आरे कॉलनीचे दारा खुरोडी या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७० ला दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली. युरोपातनं देणगी म्हणून आलेल्या भुकटीचं आणि बटर ऑइलचं दूध करून मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत विकायचं आणि त्या पैशातनं डेअऱ्या उभ्या करायच्या, अशी ती कल्पना. हे मी फार पुढं वाचलं. मी सातवीत असताना गावात दिसलं ते एवढंच : एका खोलीत टेबल, माप आणि काचेच्या नळ्या. नळीत तेजाब, त्यावर दूध, थोडं अल्कोहोल, मग हातानं यंत्र गरागरा फिरवायचं. नळीच्या मानेत पिवळी रेघ चढते ती फॅट. म्हशीची सहा-सात, गाईची साडेतीन-चार. दर त्यावर.

दहा दिवसाला बिल मिळू लागलं. विहिरीवरची मोटार त्याच पैशानं आली, माझं दहावीपर्यंतचं शिक्षणही. डेअरीला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण खातं वडलांच्या नावावर. मीठमिरचीला आई त्यांच्याकडं हात पसरू लागली. आणि दारात बाया यायच्याच. “आज ताक न्हाई गं,” हे आईला पहिल्या दिवशी म्हणवेना, तिनं मला पुढं केलं.

वर्षभरानं तिनं एका म्हशीची संध्याकाळची धार डेअरीला घालायची बंद केली. वडील चिडले, दोन दिवस जेवले नाहीत. ती बधली नाही. पुन्हा रवी फिरली. मी गल्लीत सांगून आलो. पाचांतल्या दोघीच आल्या. बाकीच्या घरांनी तोवर चहा धरला होता.