शिपायाचे पदक आणि त्याच्या पत्नीची चिकाटी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे आपल्या कार्यकारिणीने मला सुचवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा आणि तहांचा इतिहास लिहिणारे जाणते लोक आहेत, ते काम त्यांचे. मी एका साध्या शिपायाच्या कागदपत्रांची हकीकत सांगणार आहे. हकीकत अमेरिकेतील आहे. इंग्रजी मजकूर माझ्या मुलीने वाचून मला अर्थ सांगितला व मी तो माझ्या शब्दांत मांडते आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात कोणाचा भाऊ, कोणाचे सासरे, कोणाचे मामा फौजेत होतेच. तेव्हा ही हकीकत आपणांस परकी वाटणार नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शिपाई पराक्रम करतो रणांगणावर, पण पदक मिळते ते कागदावरून. वरिष्ठ अधिकारी शिफारस लिहितो, ती एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते, साक्षी तपासल्या जातात व मग हुकूम निघतो. ह्या वाटेवर कोठे एक कागद गहाळ झाला की झालेला पराक्रम जणू झालाच नाही असे होऊन बसते.

वेव्हर्ली वुडसन हा फिलाडेल्फिया शहरातील नीग्रो, म्हणजे आज ज्यांना कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणतात त्या समाजातील तरुण. जन्म 1922 चा. डॉक्टर व्हावे म्हणून तो कॉलेजात शिकत होता. दुसरे महायुद्ध पेटल्यावर 1942 साली शिक्षण सोडून तो सैन्यात दाखल झाला. अधिकारी होण्याच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला, परंतु काळ्या माणसासाठी तेथे जागा नाही असे त्यास सांगण्यात आले. त्या काळी अमेरिकन सैन्यात गोऱ्यांच्या व काळ्यांच्या पलटणी वेगवेगळ्या असत. मग वुडसनला जखमींची शुश्रूषा करण्याचे शिक्षण देऊन 320 व्या बलून पलटणीत धाडण्यात आले. पोलादी तारांना बांधलेले मोठमोठे फुगे आकाशात सोडायचे, म्हणजे शत्रूची विमाने खाली उतरून गोळीबार करू शकत नाहीत, हे त्या पलटणीचे काम.

6 जून 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्यांपैकी ओमाहा असे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर सर्वांत भयंकर कापाकापी झाली. वुडसनची नाव सुरुंगावर आदळली, वरून तोफगोळा पडला, व गोळ्याचे तुकडे त्याच्या मांडीत व पाठीमागे घुसले. जखमेला पट्टी बांधून तो वाळूवर उतरला आणि त्याने तेथेच एक उपचाराचे ठाणे मांडले. पुढे सुमारे तीस तास हा जखमी तरुण दुसऱ्या जखमींची सेवा करीत राहिला. त्याने अंगातील गोळ्या काढल्या, मोडलेली हाडे बांधली, रक्तद्रव चढवला, एकाचा तर निकामी झालेला पाय कापून त्याचा जीव वाचवला. अखेर सुटका झाल्यावरही बुडालेल्या काही शिपायांना पाण्याबाहेर काढून त्यांचा श्वास परत आणण्यास त्याने मदत केली. मग मात्र तो स्वतःच कोसळला. निदान दोनशे माणसांवर त्याने उपचार केले असे मानले जाते. काळ्या हातांनी बांधलेली पट्टी गोऱ्या शिपायांना त्या दिवशी नकोशी वाटली नाही, एवढे मला येथे सांगावेसे वाटते.

त्याच्या वरिष्ठाने त्याच्यासाठी डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस ह्या पदकाची शिफारस केली. आपल्याकडे जसे परमवीर चक्र पहिले व महावीर चक्र दुसरे, तसे तेथे मेडल ऑफ ऑनर पहिले व हे पदक दुसरे. इंग्लंडमधील अमेरिकन सेनापती जनरल ली यांच्या कचेरीचे तर मत पडले की, हा पराक्रम पहिल्या पदकाच्या योग्यतेचा आहे. प्रत्यक्षात वुडसनला मिळाले ते त्याहून बरेच खालच्या पायरीचे ब्राँझ स्टार, आणि जखमी झाल्याबद्दलचे पर्पल हार्ट.

असे का झाले? त्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. त्यांतील एकालाही युद्धकाळात किंवा त्यानंतरची पन्नास वर्षे मेडल ऑफ ऑनर मिळाले नाही. गोऱ्या शिपायांना मात्र ते चारशेहून अधिक मिळाले. पुढे 1990 नंतर सरकारने ह्या प्रश्नाचा अभ्यास करविला व 1997 साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात कृष्णवर्णीय वीरांना ते पदक दिले. सातांपैकी एकटे व्हर्नन बेकर तेवढे हयात होते. उरलेल्या सहांची पदके नातलगांच्या हाती गेली. वुडसनचे नाव त्या अभ्यासात विचारात घेतले गेले होते. पण कागद मिळेनात.

कागद का मिळेनात त्याचीही कथा आहे. अमेरिकेतील निवृत्त शिपायांची दप्तरे सेंट लुईस शहराजवळच्या एका मोठ्या सरकारी इमारतीत ठेवलेली असत. 12 जुलै 1973 च्या मध्यरात्रीनंतर त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यास आग लागली. दप्तरखान्यात आगीवर पाणी फवारणारी नळयोजना नव्हती. आग पुरती विझवण्यास चार दिवसांहून अधिक वेळ लागला. सुमारे 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख दप्तरे नष्ट झाली. 1912 ते 1960 ह्या काळात भूदलातून सुटलेल्या शिपायांची शंभरातील ऐंशी दप्तरे त्यांत गेली. त्यांच्या नकला कोठेही केलेल्या नव्हत्या. भिजलेले कागद निर्वात खोल्यांत वाळवून, कडा जळालेले गोळा करून काही लाख दप्तरे वाचवण्यात आली. वुडसनचे दप्तर त्या आगीत गेले.

वुडसनने ह्या गोष्टीचा कधी गाजावाजा केला नाही. युद्धानंतर त्याने शिक्षण पुरे केले, 1952 साली जोॲन हिच्याशी लग्न केले व सरकारी वैद्यकीय प्रयोगशाळांतून नोकरी केली. 2005 साली तो वारला. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यास जागा मिळाली, परंतु पदक काही मिळाले नाही.

येथून पुढची हकीकत जोॲनबाईंची आहे, व मी लेखणी हाती घेतली ती त्यांच्यासाठीच. नवरा गेला, दप्तर जळाले, त्याच्याबरोबरचे शिपाई एकेक करून गेले. असे असताना ह्या बाईंनी आणि मुलांनी सरकारकडे मागणी चालू ठेवली. लिंडा हर्व्ह्यू नावाच्या एका पत्रकार बाईंनी त्या बलून पलटणीवर संशोधन करून 2015 साली पुस्तक प्रसिद्ध केले. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या नावाच्या ग्रंथालयात त्यांना युद्धकाळातील एक टिपण सापडले. माहिती खात्यातील एका अधिकाऱ्याने राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत पाठविलेल्या त्या टिपणात वुडसनसाठी मोठ्या पदकाची शिफारस झाल्याचा स्पष्ट उल्लेख होता. मूळ दप्तर जळाले तरी त्याची सावली दुसऱ्या फडताळात शिल्लक होती! शिवाय 1944 सालच्या वर्तमानपत्रांतून, विशेषतः कृष्णवर्णीयांनी चालविलेल्या पत्रांतून, वुडसनच्या कामगिरीची वर्णने छापून आलेली होती. मेरिलँड राज्याचे सिनेटर व्हॅन हॉलन यांनी हा प्रश्न हाती धरला. अखेर जून 2024 मध्ये डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मंजूर झाल्याचे जाहीर झाले. शिफारस झाल्याला जवळजवळ ऐंशी वर्षे झाली होती, व जोॲनबाईंनी नव्वदी ओलांडलेली होती. पहिल्या पदकासाठीची मागणी त्या कुटुंबाने त्याही आधीपासून लावून धरली होती. ते पदक मिळाले तर घरात न ठेवता कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयास देईन, असे बाईंनी सांगितले होते. म्हणजे हव्यास धातूच्या तुकड्याचा नव्हता. जे घडले ते घडले असे सरकारच्या दप्तरात लिहिले जावे, एवढाच हट्ट होता.

त्याच देशातील हेन्री जॉन्सन ह्या शिपायाची गोष्टही अशीच आहे. हा आल्बनी गावचा रेल्वेचा हमाल. पहिल्या महायुद्धात, मे 1918 मध्ये, फ्रान्समधील एका रानात रात्रीच्या पहाऱ्यावर असताना जर्मनांच्या टोळीने हल्ला केला. बंदूक अडकली तेव्हा तिचा दस्ता व हातातला सुरा ह्यांवर त्याने शत्रूला परतवले व जखमी सोबत्याला पकडून नेऊ दिले नाही. त्याला वीसहून अधिक जखमा झाल्या. फ्रेंच सरकारने त्यास आपले शौर्यपदक दिले. त्याच्या स्वतःच्या सरकारच्या सुटीच्या कागदावर मात्र जखमांचा उल्लेखसुद्धा नव्हता. 1929 साली तो वारला. तो कोठे पुरला गेला हेही लोक विसरले. गावच्या बेवारस जागेत असावा असा समज होता, पण पुढे शोध घेता कळले की, त्याला आर्लिंग्टनमध्ये सन्मानाने पुरले होते, फक्त वहीत नाव विल्यम हेन्री जॉन्सन असे होते. पर्पल हार्ट 1996 साली मंजूर झाले व मेडल ऑफ ऑनर 2015 साली. तोवर त्याच्या मृत्यूला शहाऐंशी वर्षे झाली होती.

हे झाले मोठे पराक्रम. पण साध्या शिपायांचीही पदके राहून गेली होती. 1945 साली लाखो शिपायांना एकदम घरी सोडण्यात आले. सुटीचे कागद घाईघाईने टंकलिखित झाले, त्यांत पुष्कळ नोंदी राहिल्या. 1947 साली असा नियम झाला की, महायुद्धात प्रत्यक्ष लढाईचा बिल्ला मिळालेल्या पायदळ शिपायास किंवा शुश्रूषकास मागणी केल्यास ब्राँझ स्टार मिळावे. अनेकांना हा नियम कळलाच नाही. आता त्यांची मुलेबाळे अर्ज करतात. चूक साधी असेल तर दुरुस्तीचा पुरवणी कागद मिळतो. प्रश्न वादाचा असेल तर सैन्याच्या दप्तर-दुरुस्ती मंडळाकडे जावे लागते. 1946 च्या कायद्याने अशी मंडळे नेमता येऊ लागली. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा अशी अट आहे, पण न्यायासाठी ती मंडळ शिथिल करू शकते. दप्तर जळाले असेल तर शेवटच्या पगाराची पावती, पलटणीचा रोजचा हजेरी-अहवाल असे दुसरे कागद पाहून दप्तर नव्याने उभे करतात. मृत शिपायाच्या वतीने विधवा, मुले, आईबाप व भावंडे अर्ज करू शकतात.

आता आपल्याकडे वळू. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्यानंतर सुमारे महिन्याभराने, 10 जुलै 1944 रोजी, इटलीमध्ये आपल्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे जिंकले व तेथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावला आहे. त्यांच्या पराक्रमाचा कागद वेळेवर योग्य जागी पोहोचला. ज्यांचे पोहोचले नाहीत त्यांची नावे आपल्याला कोण सांगणार?

आणि पदकच कशाला, पोटापाण्याचा प्रश्नही कागदावरच अडतो. आमच्या आळीतील एका मावशींचे यजमान फौजेतून निवृत्त झाले होते. लग्नात सासरी नाव बदलण्याची आपली चाल. फौजेच्या कागदात मावशींचे माहेरचे नाव लागले होते व रेशनकार्डावर सासरचे. यजमान गेल्यावर कचेरीत विचारणा झाली की, ह्या दोन बाया कोण? वर्षाहून अधिक काळ पेन्शन अडून राहिली. शेवटी ट्रंकेच्या तळाशी जपलेली लग्नपत्रिका व शाळेचा दाखला कामी आला. मावशी म्हणाल्या, “अगं, हा कागद मी उंदरांपासून वाचवला म्हणून माझी भाकरी वाचली.”

म्हणून भगिनींनो, माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरी कोणी फौजेत होते किंवा आहे त्यांनी डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, पदके, जुनी पत्रे व फोटो एका जागी नीट ठेवावेत. फोटोंच्या मागे नावे व साल लिहून ठेवावे. प्रत्येक कागदाच्या दोन नकला काढून एक दुसऱ्या घरी ठेवावी. सेंट लुईसला नकला असत्या तर जोॲनबाईंची वाट एवढी लांबली नसती. लग्न, मुलांचे जन्म, नावातील बदल ह्यांची नोंद पलटणीच्या दप्तरात झाली आहे ना, हे यजमान हयात असतानाच पाहून घ्यावे. मराठा पलटणीचे केंद्र बेळगावला आहे व महार पलटणीचे मध्य प्रदेशात सागरला. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही अर्ज कसा करावा ते सांगतात. अर्ज तोंडी करू नये, लेखी करावा व पोहोच घ्यावी.

घरातील वडीलधारी माणसे बोलती आहेत तोवर त्यांना विचारून घेतले पाहिजे. तुम्ही कोणत्या पलटणीत होता, कोठे लढलात, सोबत कोण होते? दुपारच्या वेळी चार ओळी वहीत उतरवायला सातवीचे शिक्षण पुष्कळ झाले. आपल्या मंडळात अशी एक वही ठेवावी व तिच्यात प्रत्येकीने आपल्या घरच्या शिपायाचे एक पान लिहावे, अशी मी सूचना करते. पहिले पान माझ्या मामांचे मी लिहून आणीन.