वेस्ट विंडसरची भेसळ

आरसीए या अमेरिकी रेडिओ-दूरचित्रवाणी कंपनीची प्रयोगशाळा 1942 साली न्यू जर्सीत उघडली. तिथले शोधनिबंध प्रिन्स्टनच्या पत्त्याने छापले गेले, पण वॉशिंग्टन रोडवरची ती जागा मोडते शेजारच्या वेस्ट विंडसरच्या हद्दीत. नाव एकाचे, जमीन दुसऱ्याची. अतिशीत फर्मी वायूत, म्हणजे एका अवस्थेत एकच मावणाऱ्या कणांच्या वायूत, परका अणू शिरला तर काय घडते, या आजच्या प्रश्नाची पूर्वपीठिका याच गावात शोधावी, असे माझे म्हणणे आहे. भिंतीवर टांगता येईल असा दूरचित्रवाणी संच हवा होता, म्हणून हर्बर्ट मारुस्का आणि जेम्स टीटजेन यांनी 1969 मध्ये गॅलियम नायट्राइडचे एकस्फटिकी थर बनवले. मुद्दाम काहीही न मिसळता त्यांत दर घनसेंटिमीटरला एकावर 19 शून्यांहून अधिक मोकळे इलेक्ट्रॉन निघाले. दोष आधी नायट्रोजनच्या रिकाम्या जागांना दिला गेला. पुढे बोट वळले ऑक्सिजन, सिलिकॉन अशा नकळत शिरलेल्या अशुद्धींकडे.

खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या स्फटिकाचा अतिशीत वायूशी संबंध काय, असे कोणी विचारील. पण फर्मी वायूचा थंडपणा नुसत्या तापमापकावर ठरत नाही, तो फर्मी तापमानाच्या, म्हणजे कणांच्या दाटीवर आणि वस्तुमानावर ठरणाऱ्या मापाच्या, तुलनेत ठरतो. एवढ्या दाट इलेक्ट्रॉनांचे फर्मी तापमान हजार केल्विनच्या घरात जाते. त्यापुढे खोलीचे 300 केल्विन कमीच. आजच्या प्रयोगांतला लिथियम-6 चा वायू दहा लाख पटींहून विरळ आणि त्याचे अणू कितीतरी जड, म्हणून तिथे हेच तापमान केल्विनच्या दशलक्षांशापाशी उतरते. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: स्फटिकात जाळी आहे, विद्युतभार आहे. हे मान्यच करावे लागते. किंबहुना वेस्ट विंडसरमध्ये इलेक्ट्रॉन पुरवणारीही अशुद्धी आणि त्यांच्या वाटेत येणारीही अशुद्धीच, त्यामुळे दोन्ही परिणाम वेगळे काढणे अवघड. यातला अशुद्धीचा परिणाम कागदावर आधीच वेगळा काढला होता तो त्याच राज्यातल्या बेल लॅब्जमध्ये, फिलिप अँडरसन यांनी 1967 साली: एक स्थिर अशुद्धी साऱ्या फर्मी सागराची अवस्था इतकी बदलते, की कण वाढत गेले तसे जुन्या आणि नव्या अवस्थेत साम्यच उरत नाही. आरसीएतून थेट वंशावळ निघते असा माझा दावा नाही. प्रश्न मात्र तोच. 2009 मध्ये एमआयटीत मार्टिन झ्वीअरलाइन यांच्या गटाने लिथियमच्या वायूत हलती अशुद्धी सोडली, तेव्हा ती भोवतालचे अणू पांघरून पोलॅरॉन झालेली दिसली. 2016 मध्ये इन्सब्रुकच्या गटाने लिथियमच्या वायूत पोटॅशियमचे अणू ठेवून त्यांच्यातली आंतरक्रिया लेसरने हवी तेव्हा बदलली आणि वायूचा प्रतिसाद काही मायक्रोसेकंदांत उमटताना पाहिला.