पोकळीची विद्या : पुण्याचे तांबट आणि त्यांची उमेदवारी

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत वसलेला त्वष्टा कासार समाज मूळचा कोकणातला. १७३० साली शनिवारवाड्याचे बांधकाम सुरू झाले, पुणे राज्यकारभाराचे केंद्र बनले आणि वाडे, देवालये व मुदपाकखाने यांच्याकडून भांड्यांची मागणी वाढत गेली, तसा पेशवाईत हा समाज शहरात स्थिरावला. धातुकामातील श्रमविभागणी येथे स्पष्ट होती : ओतारी वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू घडवतो, तर तांबट पत्रा ठोकून त्याला आकार देतो. समाजाच्या नावातील त्वष्टा हा वेदांतील देवांचा कारागीर असून, त्याने घडवलेल्या एका चमसाचे, म्हणजे सोमपात्राचे, ऋभू नावाच्या कुशल कारागिरांनी चार चमस केल्याचे ऋग्वेदात सांगितले आहे. बृहद्देवता या ग्रंथात हे ऋभू त्वष्ट्याचेच शिष्य ठरतात. पात्र घडवण्याची कला आणि ती शिकण्याची गुरुशिष्यपरंपरा यांची सांगड अशी फार जुनी आहे.

तांबटाची विद्या पोथीत नव्हती. ती घरातच, वडिलांच्या किंवा चुलत्याच्या शेजारी बसून, उमेदवारी करत हाताला लागे. गडूसारखे लहान, अरुंद गळ्याचे भांडे शिकाऊ हाताची खरी कसोटी पाही, कारण त्याच्या पोटात हातोडा मोकळेपणी फिरत नाही. म्हणून असे भांडे बहुधा दोन भागांत घडवून, टाकणखार लावून, डाक देऊन, म्हणजे कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने, सांधले जाई. पत्र्याची चकती आधी भट्टीत लाल करून मऊ केली जाते, मग ती खरवईवर, म्हणजे लोखंडी ऐरणीवर, फिरवत वर्तुळाकार ओळींत ठोके दिले जातात. ठोक्यांनी तांबे कठीण होत जाते व त्याचा बद्द आवाज खणखणीत होतो; त्या वेळी ते पुन्हा तापवले नाही, तर काठाशी चीर पडते. कधी थांबावे हे अशा रीतीने कानाने शिकावे लागे.

अखेरचा संस्कार मठारकामाचा. घासूनपुसून उजळलेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके दिले जातात आणि पृष्ठभागावर चकाकते पैलू उमटतात. आज ग्राहक त्यांना नक्षी समजतो. वस्तुतः या ठोक्यांनी पातळ पत्रा कठीण होतो व भांड्याला सहसा पोचा येत नाही. आंबट पदार्थ तांब्याला कळकतात, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई केली जाई; तांबे सुमारे १०८५ अंशांना, तर कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने भांड्याला धक्का न लागता हा लेप चढतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून येणारा विलायती पत्रा आणि १८५८ साली पुण्यापर्यंत पोहोचलेली रेल्वे यांमुळे कच्चा माल तयार स्वरूपात हाती येऊ लागला. याने कारागिराचे श्रम हलके केले, परंतु त्याचे कौशल्य अनावश्यक ठरवले नाही. ते घडले विसाव्या शतकात, जेव्हा ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलची भांडी स्वस्त झाली आणि जी पोकळी हाताने साधायला शेकडो ठोके लागत, ती यंत्राच्या काही दाबांत तयार होऊ लागली. तांब्याचे भांडे म्हणून ज्याला ‘तांब्या’ हे नाव मिळाले, तो आता बहुतेक घरांत स्टीलचा असतो. नाव मात्र तेच राहिले आहे.